उतारवयातील बहिरेपण, उंदरांचे वाण आणि आपण

विद्यालयाच्या स्मरणिकेत उंदरांच्या कानांविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आरंभीच देतो. वाढत्या वयाबरोबर ऐकू येणे का कमी होते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा किती, या प्रश्नाचा उलगडा गेल्या तीन-चार दशकांत मुख्यतः उंदरांच्या अभ्यासातून झाला. हा उलगडा वाचताना पिढ्यान्‌पिढ्या आपल्या माथी मारलेल्या दोन समजुती आम्हांस आठवल्या. शरीराचे प्रत्येक वैगुण्य हे प्राक्तनाचे भोग होत, ही पहिली. आणि रक्त जितके ‘शुद्ध’ तितका वंश श्रेष्ठ, ही दुसरी. प्रयोगशाळेतल्या काळ्या उंदराने या दोन्ही समजुतींना उत्तर दिले आहे. माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे ते मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

इतिहासाच्या शिक्षकाला या विषयाची ओढ वाटण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्या समाजाचा इतिहास कागदावर थोडा आणि कंठात फार आहे. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या चवदार तळ्यावर जी माणसे गेली, १९३३ ते १९३९ या काळात चरीच्या शेतकरी संपात ज्या कुटुंबांनी खोतांची जमीन कसण्यास नकार दिला, त्यांपैकी बहुतेकांनी काही लिहून ठेवले नाही. त्यांच्या तोंडून ज्यांनी हे ऐकले ती मुले आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. नातवंडाने प्रश्न विचारावा, आजोबांना तो नीट ऐकू येऊ नये, त्यांनी भलतेच उत्तर द्यावे, घरातल्यांनी हसावे आणि पुढे आजोबांनी बोलणेच सोडावे, असे अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या कितीतरी घरांत घडते. कान गेला की संवाद जातो आणि संवादाबरोबर आठवणींचा ठेवाही जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार साठीपुढील माणसांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांना अडचण व्हावी इतपत श्रवणऱ्हास झालेला असतो. असे असूनही ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो.

कानाच्या आत काय घडते

बाहेरून दिसतो तो कानाचा केवळ दर्शनी भाग होय. ध्वनीच्या लहरी कानाच्या पडद्यावर आदळतात, पडदा थरथरतो आणि ती थरथर तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीतून अंतर्कर्णात पोहोचते. तेथे गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली, द्रवाने भरलेली एक नलिका असते. तिला कर्णावर्त म्हणतात. या कर्णावर्तात सुमारे १५,००० केशपेशी रांगांनी मांडलेल्या असतात. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर अतिसूक्ष्म केसांचा, पायऱ्यांसारखा चढत गेलेला झुबका असतो. आवाजाने द्रव हलला की हा झुबका वाकतो, पेशीची सूक्ष्म दारे उघडतात, विद्युत्-संदेश निर्माण होतो आणि तो मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जातो.

ही दारे उघडण्याची युक्ती मोठी नाजूक आहे. झुबक्यातील आखूड केसाचे टोक शेजारच्या उंच केसाला एका बारीक धाग्याने बांधलेले असते. केस वाकला की धागा ताणला जातो आणि त्या ताणाने दार उघडते. हा धागा दोन प्रथिनांचा बनलेला असतो. वरचा भाग कॅडहेरिन-२३ या प्रथिनाचा आणि खालचा भाग प्रोटोकॅडहेरिन-१५ या प्रथिनाचा, हे २००७ मध्ये निश्चित झाले. आपल्या किनाऱ्यावरच्या वाचकांना हे समजणे अवघड नाही. जेटीला दोरांनी बांधलेल्या होड्या डोळ्यांपुढे आणाव्यात. लाट आली की होडी हलते आणि दोर ताणला जातो. दोर चांगल्या वाकाचा असेल तर वर्षानुवर्षे टिकतो. वाक कच्चा असेल तर साध्या लाटांनीही झिजत जातो आणि वादळात एका रात्रीत तुटतो.

केशपेशींच्या बाबतीत खेदाची गोष्ट अशी की त्या आपल्याला जन्मापूर्वीच मिळतात आणि एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांच्या कानात नव्या केशपेशी तयार होतात, हे १९८० च्या दशकात दिसून आले. मनुष्य, उंदीर आणि इतर सस्तन प्राणी यांना ते वरदान नाही. कर्णावर्ताच्या तोंडाशी असलेल्या पेशी तीव्र, म्हणजे उच्च कंपनसंख्येचे आवाज टिपतात आणि ऱ्हासाचा आरंभ बहुधा तेथूनच होतो. मराठी बोलण्यातले स्वर खालच्या कंपनसंख्येचे असतात. स, श, फ, ख, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख मात्र वरच्या कंपनसंख्येवर अवलंबून असते. म्हणून वृद्ध माणसाला ‘साठ’ आणि ‘आठ’, ‘तास’ आणि ‘ताक’ यांतला फरक कळेनासा होतो. ‘आवाज येतो, पण शब्द लागत नाही,’ हे त्यांचे गाऱ्हाणे शास्त्रीयदृष्ट्या अगदी अचूक आहे. त्यांच्या कानाशी ओरडून उपयोग होत नाही. समोर बसून, सावकाश आणि स्पष्ट बोलल्याने होतो.

एका शिक्षिकेचे उंदीर

आता उंदरांकडे वळू. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रॅनबी गावी ॲबी लॅथ्रॉप (१८६८–१९१८) नावाच्या एक शिक्षिका होत्या. प्रकृती बिघडल्यामुळे त्यांनी अध्यापन सोडले, प्रथम कुक्कुटपालन करून पाहिले आणि नंतर हौशी लोकांसाठी रंगीबेरंगी उंदीर पाळून विकण्याचा व्यवसाय आरंभिला. काटेकोर नोंदी ठेवण्याच्या त्यांच्या सवयीमुळे हार्वर्ड विद्यापीठातले संशोधक त्यांच्याकडून उंदीर घेऊ लागले. त्याच उंदरांच्या वंशातील ५७ क्रमांकाच्या मादीपासून क्लॅरेन्स कुक लिटल या शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये एक काळा वाण तयार केला. आज ‘सी-५७ ब्लॅक-६’ या नावाने तो जगभरच्या प्रयोगशाळांत सर्वांत अधिक वापरला जातो. लिटल यांनीच १९२९ मध्ये मेन राज्यात जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली. २००२ मध्ये उंदराचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रथम प्रसिद्ध झाला, तोही याच वाणाचा.

असा ‘वाण’ सिद्ध होतो तो सख्ख्या भावंडांचा संकर सलग किमान २० पिढ्या करून. प्रत्येक प्राण्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात संबंध होत राहिले की दोन्ही प्रती एकसारख्या होत जातात आणि अखेरीस वाणातील सर्व उंदीर जणू एकाच साच्यातून काढलेले भासतात. प्रयोगासाठी ही एकरूपता सोयीची असते. औषधाचा परिणाम तपासताना उंदरा-उंदरातला जन्मजात फरक आड येत नाही.

आपल्या भूमीतही हे काम झाले आहे. १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर या संस्थेत पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी स्तनांच्या कर्करोगातील आनुवंशिकतेचा अभ्यास उंदरांच्या वाणांवर केला. त्या केंद्रात ‘आयसीआरसी’ नावाचा उंदरांचा स्वतंत्र वाणही तयार झाला. त्या संस्थेचा वारसा आज टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेकडे आहे आणि ती आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यातील खारघर येथे आहे. आपल्या विद्यालयातील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानी ठेवावी. उंदरांच्या वाणांवरील संशोधन कुठे दूर परदेशातच चालते असे नाही. एसटीने काही तासांत पोहोचता येईल अशा ठिकाणी ते चालते.

काळ्या उंदराचा कान

सर्व जगाने प्रमाण मानलेल्या या काळ्या उंदरात एक उणीव दडून बसली होती. उंदीर दोन-तीन वर्षे जगतो; हा वाण मात्र पहिल्या वर्षाच्या आतच तीव्र आवाज ऐकेनासा होतो आणि सव्वा वर्षाच्या सुमारास जवळजवळ बहिरा होतो. ‘सीबीए’ नावाच्या दुसऱ्या वाणाचे उंदीर दीड वर्षाचे झाले तरी चांगले ऐकतात. अन्न तेच, पिंजरे तसेच, आवाजही सारखाच. मग हा फरक आला कोठून? उंदराला ऐकू येते की नाही हे त्याला विचारता येत नाही. म्हणून त्याला झोपेचे औषध देऊन, डोक्यावरील त्वचेत बारीक सुया टोचून, आवाजासरशी मेंदूकडे जाणाऱ्या विद्युत्-संदेशांची नोंद घेतात. नवजात अर्भकांच्या श्रवणचाचणीतही याच तत्त्वाची पद्धत वापरली जाते. १९९९ मध्ये जॅक्सन प्रयोगशाळेच्या संशोधकांनी अशा रीतीने ८० वाणांची श्रवणशक्ती मोजल्याचे प्रसिद्ध झाले.

दोषाचे स्थान शोधण्याची रीत मेंडेलच्या वाटाण्यांच्या प्रयोगासारखीच होती. काळ्या उंदराचा संकर उत्तम श्रवण असणाऱ्या दुसऱ्या उंदराशी केला. हा दुसरा उंदीर आशियातील घरउंदरांच्या ज्या पोटजातीचा होता, त्याच पोटजातीचे उंदीर आपल्या घरांतील धान्याच्या कणग्या कुरतडतात. या संकरातून जन्मलेल्या पहिल्या पिढीचे कान चांगले निघाले. म्हणजेच दोष अप्रभावी होता. एका पालकाकडून आलेली निर्दोष प्रत पुरेशी होती. या संततीचा काळ्या वाणाशी पुन्हा संकर केल्यावर काही पिल्ले ऐकणारी आणि काही बहिरी होणारी निघाली. बहिऱ्या पिल्लांमध्ये गुणसूत्राचा कोणता तुकडा समान आहे हे पाहत केनेथ जॉन्सन आणि त्यांचे सहकारी १९९७ मध्ये दहाव्या गुणसूत्रावर येऊन पोहोचले. २००३ मध्ये नेमका दोष सापडला. तो कॅडहेरिन-२३ या प्रथिनाच्या जनुकातच होता. होय, केशपेशींच्या झुबक्यातला तो धागा ज्याचा बनतो, तेच हे प्रथिन.

दोष किती लहान असावा? जनुकाच्या लेखनातील ७५३ व्या ठिकाणी एक अक्षर बदलले होते. त्यामुळे पेशीची नक्कल उतरवणारी यंत्रणा एक संपूर्ण परिच्छेद गाळून पुढे जाते. प्रथिन तयार होते, परंतु ते उणे असते. धागा विणला जातो, परंतु वाक कच्चा राहतो. याच जनुकात अधिक गंभीर बिघाड झालेले ‘वॉल्ट्झर’ नावाचे उंदीर जन्मतः बहिरे असतात आणि तोल न राहिल्याने गोल गोल फिरत राहतात. त्यांचे कारण २००१ मध्ये उलगडले होते. मनुष्यातही या जनुकातील गंभीर दोषांमुळे जन्मजात बहिरेपण, तर काही कुटुंबांत बहिरेपणासोबत दृष्टी मंदावणारा अशर विकार आढळतो.

पुढे असेही दिसले की सर्व वाणांचे दुखणे एक नाही. ‘डीबीए-२’ या वाणाची श्रवणशक्ती जन्मानंतर अवघ्या काही आठवड्यांत ढासळू लागते. त्यामागे कॅडहेरिन-२३ च्या दोषाबरोबर केसांच्या झुबक्याला ताठ ठेवणाऱ्या फॅसिन-२ या दुसऱ्या प्रथिनाचा दोष असतो. एक जनुक दुसऱ्याचा परिणाम वाढवते. मनुष्याचे चित्र तर याहून गुंतागुंतीचे आहे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील कुटुंबांच्या पाहणीवरून १९९९ मध्ये असा अंदाज मांडला गेला की उतारवयातील श्रवणशक्तीत माणसा-माणसांत जो फरक दिसतो, त्यातील सुमारे ३५ ते ५५ टक्के फरकाचा संबंध आनुवंशिकतेशी लावता येतो. २०१९ मध्ये ब्रिटनमधील अडीच लाख लोकांच्या अभ्यासात याच्याशी निगडित ४४ जनुकीय ठिकाणे आढळली. प्रत्येकाचा वाटा अल्प आहे. माणसाच्या म्हातारपणच्या बहिरेपणाचे ‘एक जनुक’ असे काही नाही.

तोच आवाज, वेगळा कान

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, सारे जन्मानेच ठरत असेल तर करायचे काय? उंदरांनीच याचे उत्तर दिले आहे. काळा वाण आणि सीबीए वाण यांना सारख्याच मोठ्या आवाजात ठेवले असता काळ्या उंदरांच्या कानांची हानी कितीतरी अधिक झाली. जनुकाने दोर कच्चा दिला हे खरे, परंतु तो किती लवकर तुटावा हे लाटांवरही ठरते. ज्याचा दोर कच्चा, त्याला वादळापासून अधिक जपावयास हवे, हा त्यातला व्यवहारी अर्थ.

मनुष्याविषयी याहून स्पष्ट उदाहरण क्षयरोगाच्या औषधांचे आहे. स्ट्रेप्टोमायसिन, कानामायसिन या गटातील इंजेक्शने जीव वाचवतात, परंतु त्यांच्या मात्रेने काहींच्या केशपेशी मरतात. काही कुटुंबांत आईकडून येणारा एक विशिष्ट जनुकीय बदल असतो आणि अशा माणसाला या औषधाच्या थोड्या मात्रेनेही कायमचे बहिरेपण येऊ शकते, हे १९९३ मध्ये सिद्ध झाले. तो बदल अंगी असूनही जे औषध घेत नाहीत, त्यांच्यापैकी अनेकांची श्रवणशक्ती पुष्कळ काळ शाबूत राहते. येथे कारण कोणते म्हणावे, जनुक की औषध? दोन्ही एकत्र आल्यानेच परिणाम घडतो. १९६० च्या दशकाच्या आरंभी सॅम्युअल रोझेन यांनी सुदानमधील माबान लोकांची पाहणी केली. त्यांच्या शांत वस्त्यांतील वृद्धांचे कान अमेरिकेतील समवयस्कांहून पुष्कळ चांगले आढळले. त्यात आहार आणि रक्ताभिसरण यांचाही भाग असू शकेल. परंतु म्हातारपण म्हणजे बहिरेपण हे समीकरण अटळ नाही, एवढे त्यावरून दिसते.

बंद वर्ग

आता त्या दुसऱ्या समजुतीकडे येऊ. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील एका चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जात म्हणजे बंद केलेला वर्ग आणि सजातीय विवाहाचे बंधन हेच जातीचे मर्म, असे त्यांनी प्रतिपादिले. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात जातीमुळे वंश सुधारतो हा दावा तपासताना त्यांनी विल्यम बेटसन यांचा आधार घेतला. आनुवंशिकीच्या शास्त्राला ‘जेनेटिक्स’ हे नाव देणारे तेच हे बेटसन. उच्च मानसिक गुण एखाद्या ठरावीक रीतीने वंशातून उतरतात असे म्हणण्यास आधार नाही, हे बाबासाहेबांनी त्या काळच्या नव्या शास्त्राच्या साहाय्याने दाखवले. डीएनएची रचना उलगडण्यास तेव्हा आणखी १७ वर्षे होती.

त्यानंतरच्या संशोधनाने काय सांगितले? हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या उपखंडातील भिन्न जनसमूहांत सर्वदूर मिश्रण झाले, आणि त्यानंतर विवाहाची दारे बंद होत गेली. आमच्यासारख्या इतिहासाच्या अभ्यासकाला हा निष्कर्ष मोलाचा वाटतो. जी ‘शुद्धता’ अनादि म्हणून सांगितली जाते, तिच्याआधी शतकानुशतके संमिश्रण होते. २०१७ च्या दुसऱ्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ समूह तपासले. त्यांपैकी ८१ समूह इतक्या थोड्या पूर्वजांपासून पसरलेले आढळले की त्यांच्यातील जनुकीय संकोच फिनलंडवासी आणि अश्केनाझी ज्यू यांच्याहूनही तीव्र होता. या ८१ पैकी १४ समूहांची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक आहे. अशा समूहांत अप्रभावी विकारांची जोखीम अधिक असते, कारण आई आणि बाप यांच्याकडून तीच सदोष प्रत येण्याचा संभव वाढतो. जम्मू-काश्मीरमधील दोडा जिल्ह्यातील धडकाई या दुर्गम गावात आपसातल्या विवाहांमुळे अनेक कुटुंबांत जन्मजात बहिरेपण उतरले आहे. ‘ओटोफर्लिन’ या प्रथिनाच्या जनुकातील दोष त्याच्या मुळाशी आहे.

आपल्या किनाऱ्यावरचे उदाहरण बेने इस्रायल समाजाचे. अलिबागजवळ नवगाव येथे जहाज फुटून वाचलेल्या कुटुंबांपासून आपला समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. हा समाज तेल गाळण्याचा व्यवसाय करी, मराठी बोले आणि शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला गेला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे भरघोस आढळले. हे मिश्रण सुमारे ६५० ते १,०५० वर्षांपूर्वीचे असावे असा अंदाज आहे. स्वतःला सर्वांहून वेगळा राखणाऱ्या समाजाच्या रक्तातही या मातीचा वाटा निघतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जातीतले विवाह म्हणजे उंदरांच्या भावंडांचा संकर नव्हे. उंदरांचा दाखला माणसाला जसाच्या तसा लावू नये. जातीविरुद्धचा आपला आक्षेपही उंदरांवर अवलंबून नाही. विज्ञानाने उद्या काहीही सिद्ध केले तरी माणसाने माणसाला समतेने वागवावे, हे तत्त्व बाबासाहेबांनी नीतीच्या पायावर उभे केले आहे. ‘शुद्ध रक्ताचे’ जे शास्त्रीय सोंग उभे केले जाते, ते शास्त्रासमोर टिकत नाही, एवढेच आम्ही येथे सांगत आहोत. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की बहिरेपण हा कोणाचाही कमीपणा नव्हे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांना खुणांची संपूर्ण भाषा असते. त्यांना दयेपेक्षा शिक्षण आणि संधी हवी असते.

कर्माचा प्रश्न

शरीरातील प्रत्येक पीडा पूर्वकर्माने येते काय, असा प्रश्न सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना विचारला होता. संयुक्त निकायातील त्या सुत्तात तथागत वेदनेची आठ कारणे सांगतात. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संयोग, ऋतुपालट, अयोग्य आहारविहार आणि आघात ही त्यांतील सात, आणि कर्मविपाक हे आठवे. सर्व काही पूर्वकर्मानेच घडते असे म्हणणारे स्वतःच्या अनुभवापलीकडे जातात, असे ते म्हणतात. त्या काळच्या वैद्यकाची भाषा आज बदलली आहे. कारणे शोधण्याची दृष्टी मात्र तीच आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त आनुवंशिकतेच्या शास्त्राशी ताडून पाहिला. मूल आपले गुणधर्म आईबापांकडून घेते, हे शास्त्र सांगते. मग पूर्वजन्मीचे कर्म त्यात शिरते कोठून, हा त्यांचा आक्षेप आहे.

काळ्या उंदराने कोणते पाप केले होते? त्याच्या जनुकातले ७५३ वे अक्षर बदललेले होते आणि बंद वंशात तीच प्रत दोन्ही बाजूंनी त्याच्या वाट्याला आली. यापलीकडे स्पष्टीकरणाची गरज नाही. हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार विद्यार्थ्यांना शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर वापरावे.

कारण सापडले की उपायाची वाट दिसू लागते. २०१६ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी काळ्या वाणाच्या भ्रूणातील ते एक अक्षर दुरुस्त केले आणि त्या उंदरांची श्रवणशक्ती टिकून राहिल्याचे दाखवले. २०२४ च्या आरंभी शांघायहून बातमी आली की ओटोफर्लिनच्या दोषाने जन्मतः बहिऱ्या असलेल्या सहा मुलांच्या कानात त्या जनुकाची निर्दोष प्रत सोडली असता पाच मुलांना ऐकू येऊ लागले. धडकाईच्या मुलांचा दोषही याच जनुकातला. वार्धक्यातील बहिरेपणावर मात्र असा उपचार अद्याप नाही. म्हणून आज हाती आहे ते करावे.

आपल्या हाती काय आहे

पहिली गोष्ट तपासणीची. साठी उलटलेल्या प्रत्येकाची श्रवणचाचणी व्हावी. जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात आणि वांद्रे येथील १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तिची सोय आहे. कधी कधी साचलेला मळ काढल्यानेच निम्मे काम होते. कानात गरम तेल किंवा काडी मात्र घालू नये. दुसरी गोष्ट श्रवणयंत्राची. चष्म्याची लाज वाटत नाही, मग यंत्राची का वाटावी? केंद्र शासनाच्या २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत आणि राज्य शासनाच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, अटी पूर्ण करणाऱ्या ज्येष्ठांना अशा साधनांसाठी साहाय्य मिळते. गावोगावच्या माजी विद्यार्थ्यांनी हे अर्ज भरून देण्याचे काम अंगावर घ्यावे. श्रवणऱ्हासाचा स्मृतिभ्रंशाशी संबंध असल्याचे आता मान्य झाले आहे. म्हणजे कान सांभाळणे हे आठवण सांभाळणेही आहे.

तिसरी गोष्ट आवाजाची. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सहन करता येतो असे मानतात. त्यापुढे आवाज दर ३ डेसिबलनी वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. या हिशोबाने १०० डेसिबलला ती अवघी १५ मिनिटे उरते. डिझेल इंजिनाच्या होडीवर, दगडखाणीत, कारखान्यात आयुष्य काढणाऱ्या आपल्या माणसांचे कान पोटासाठी झिजतात. त्यांना कानाची संरक्षक बोंडे मिळणे हा त्यांचा हक्क आहे आणि तो मागितला पाहिजे. परंतु जो आवाज आपण हौसेने विकत घेतो त्याचे काय? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. शाळांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. सर्वच समाजांच्या मिरवणुकांत आज ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात आणि १४ एप्रिलची आपली मिरवणूकही त्याला अपवाद राहिलेली नाही. त्या भिंतीपुढे नाचणाऱ्या मुलांपैकी कोणाचा दोर जन्मतः कच्चा आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. तो कच्चा निघाला तर ते कळते तिशी-चाळिशीत, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

ज्या महापुरुषाने आयुष्यभर लोकांना ऐकते आणि बोलते केले, त्याच्या जयंतीला मुलांचे कान जाऊ नयेत. जलसा, लेझीम, व्याख्यान, ग्रंथदिंडी ही आपलीच परंपरा आहे. येत्या जयंतीला प्रत्येक वस्तीने ध्वनिभिंतीचा खर्च वाचवून त्या पैशांत ज्येष्ठांची श्रवणतपासणी करावी आणि ज्यांना गरज आहे त्यांना यंत्रे घेऊन द्यावीत, अशी आमची विनंती आहे. आपल्या विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी त्यानंतर वही घेऊन त्या आजी-आजोबांसमोर बसावे. महाडचे, चरीचे आणि आपापल्या गावच्या पाणवठ्याचे त्यांच्याकडून जे ऐकायचे राहिले आहे, ते या पिढीनंतर ऐकता येणार नाही.